हाताचे वळण

गेल्या वर्षीच्या नरकचतुर्दशीची सकाळ. अभ्यंगस्नाने आटोपली होती, अंगणातल्या पणत्या विझून काजळल्या होत्या आणि मी फराळाच्या बशा भरीत होते. तोच दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. वाकून पाया पडली, तेव्हा ओळख पटली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात पाटीवर ‘ग’ गिरवताना तो सारखा उलटा येई म्हणून ती हमसून हमसून रडली होती. आता ती परिचारिकेचे शिक्षण घेत होती. पुस्तकी अभ्यास संपला होता, आणि शेवटच्या काही महिन्यांची इंटर्नशिप, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत उमेदवारी, एका रुग्णालयात चालू होती.

चकली हातातच राहिली आणि ती म्हणाली, “बाई, मी परत जाणार नाही.”

हळूहळू सारे बाहेर आले. रात्रपाळी होती. मोठा वॉर्ड, आणि राबायला दोघी शिकाऊ मुली. शेजारशेजारच्या खाटांवर एकाच नावाच्या दोन म्हाताऱ्या होत्या. ही इंजेक्शन भरून एकीच्या दंडाला कापूस लावते आहे, तोच ती म्हातारी म्हणाली, “पोरी, मला तर संध्याकाळीच सांगितलंय, आता सुई नाही म्हणून.” हिने कागद पाहिला. इंजेक्शन दुसरीचे होते. सुई टोचली गेली नव्हती, कोणाला काही झाले नव्हते. पण तेव्हापासून हिच्या हाताला जो कंप सुटला तो जाईना. आणि ही गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती.

“बाई, हात थरथरायचा कधी थांबतो हो?” तिने विचारले.

या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, बालवर्गाला शिकवणारी आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी बाई. खरे सांगायचे तर माझ्या कादंबऱ्यांतल्या परिचारिकांनाही मी फार स्वस्तात सोडले आहे. पांढरा पोशाख घालून त्या नायकाच्या कपाळावर हात ठेवतात आणि पडदा पडतो. तो हात कोणी, कसा आणि किती दिवसांत तयार केला, याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्या मुलीला लाडू देऊन झोपवले आणि मी कपाटातली पुस्तके काढून बसले. त्या तीन-चार दिवसांत आणि नंतरच्या वर्षभरात जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणजे कोण, हे पाहायचे तर चार्ल्स डिकन्सची ‘मार्टिन चझलविट’ उघडावी. १८४३-४४ मध्ये आलेल्या त्या कादंबरीत सेअरी गँप नावाची एक सुईण-दाई आहे. दारूचा वास, मळकी छत्री, आणि रोग्यापेक्षा स्वतःच्या जेवणाची अधिक काळजी. डिकन्सने रंग गडद केला असेल, आम्हां कादंबरीकारांना ती खोड असतेच. पण लोकांना ते चित्र पटले, हेही खरे. रोग्याची सेवा हे शिकण्याचे काम आहे, असे तेव्हा फारसे कोणाला वाटत नव्हते. ज्या बाईला दुसरे काही जमत नाही तिने हे करावे, अशीच समजूत होती.

अशा काळात, १८२० साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म एका श्रीमंत घरात झाला. मुलीने रुग्णालयात जावे ही कल्पनाच घरच्यांना सहन होत नव्हती. पुष्कळ वर्षे घरात झगडल्यावर १८५१ साली त्यांना जर्मनीतल्या कायझर्सवर्थ येथे जायला मिळाले. तिथे पास्टर फ्लीडनर यांनी १८३६ साली सेविकांची संस्था काढली होती. तिथे त्या सुमारे तीन महिने राहिल्या. पुढे क्रिमियाचे युद्ध पेटले आणि १८५४ च्या नोव्हेंबरात अडतीस स्त्रियांना घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. हातात दिवा घेतलेल्या बाईची ती गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असते, म्हणून इथे विस्तार करीत नाही. एकच सांगते. तिथे सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच अधिक मरत होते. आणि नुसती माया पुरत नाही, शिस्त, स्वच्छता आणि शिकलेला हात लागतो, हा धडा बाई तिथून घेऊन आल्या.

त्यांच्या गौरवासाठी इंग्लंडात लोकांनी निधी जमवला. तो सुमारे ४५,००० पौंडांपर्यंत गेला. त्या पैशांतून पुतळा उभारता आला असता. बाईंनी शाळा काढली. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात, मेट्रन सारा वॉर्डरोपर यांच्या देखरेखीखाली, १८६० च्या जुलैमध्ये पंधरा उमेदवार मुली दाखल झाल्या. मुली म्हणायचे, पण वयाची अट पंचवीस ते पस्तीस अशी होती. शिक्षण एक वर्षाचे. राहणे, जेवण आणि पोशाख मिळून वर हातखर्चाला दहा पौंड.

आता माझ्यासारख्या शिक्षिकेला यातली जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटली ती सांगते. प्रत्येक उमेदवार मुलीच्या नावाचा एक छापील तक्ता असे, आणि तो दरमहा भरला जाई. एका बाजूला स्वभाव: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा. दुसऱ्या बाजूला हाताचे कसब. आणि ही यादी मोठी वाचनीय आहे. भाजलेल्या जागेची आणि जखमेची मलमपट्टी, शेक देणे, पोटीस बांधणे, जळवा लावणे, एनिमा देणे, निरनिराळी बंधने बांधणे, असहाय रोग्याला कुशीवर वळवणे आणि पाठीला व्रण होऊ न देणे, रोगी खाटेवर असतानाच खालची चादर बदलणे, पेज आणि आरारूट करणे, खोलीत रात्रंदिवस ताजी हवा खेळती ठेवणे. आणि या सगळ्यांच्या शेवटी पाहणे. नाडी, त्वचा, श्वास, झोप, भूक, थुंकी, शुद्धी, औषधाचा परिणाम, या सर्वांचे नीट निरीक्षण. प्रत्येक सदरापुढे शेरा असे: उत्कृष्ट, चांगले, मध्यम, अपुरे, आणि काहीच येत नसेल तर शून्य.

घरात आजारी माणूस ज्यांनी सांभाळले आहे, त्यांना या यादीचे मर्म लगेच कळेल. अंथरुणावर पडलेल्या सासूबाईंची चादर न उठवता बदलणे म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून येत नाही. ज्याला येते त्याच्या शेजारी उभे राहून चार वेळा पाहावे लागते, मग त्याच्या नजरेखाली आपण चार वेळा करावे लागते. आमच्या शाळेतही हेच. ‘ग’ कसा काढायचा हे तोंडाने सांगून कोणत्या मुलाला आला आहे? त्याचा हात आपल्या हातात धरून गिरवावा लागतो, आणि एके दिवशी आपला हात हळूच काढून घ्यावा लागतो. हाताला वळण लागते ते असे.

इथपर्यंत वाचून मला वाटले, झाले, उत्तर सापडले. पण पुढचे प्रकरण वाचले आणि बसल्या जागी दचकले.

सेंट थॉमस रुग्णालयाची जुनी जागा रेल्वेसाठी गेली. १८६२ पासून नऊ वर्षे त्याने तात्पुरत्या जागेत काढली आणि १८७१ साली टेम्सच्या काठी, पार्लमेंटसमोर, नव्या इमारतीत ते आले. या सुमारास नाइटिंगेलबाईंनी आपल्या शाळेकडे बारकाईने पाहायला सुरुवात केली. क्रिमियाहून परतल्यापासून त्यांची प्रकृती ढासळलेली होती; बहुतेक काम त्या घरातून, पत्रांच्या जोरावर करीत. आता त्या एकेका मुलीला भेटून खोदून खोदून विचारू लागल्या, आणि जे कळले ते सुखाचे नव्हते. डॉक्टरांची व्याख्याने नियमित होत नव्हती. तक्त्यातले शेरे नेहमी विश्वासाचे नव्हते. वॉर्डमधल्या पुष्कळ सिस्टरांना स्वतःला काम येई, पण शिकवता येत नसे. आणि रुग्णालयाला हातांची एवढी टंचाई की शिकायला आलेली मुलगी म्हणजे राबणारी दोन हातांची आयती भर, असेच तिच्याकडे पाहिले जाई. जगभर जिचे नाव झाले होते, त्या शाळेची ही आतली स्थिती होती!

वाचकहो, या ठिकाणी माझ्या मनात त्या दारातल्या मुलीची रात्रपाळी उभी राहिली. दीडशे वर्षे लोटली, देश वेगळा, औषधे वेगळी, पण शिकणारी आणि राबणारी यांच्यामधली रेघ अजून तशीच पुसट आहे. मूल शाळेत आले की त्याला आधी अंगण झाडायला लावावे, आणि वेळ उरला तर अक्षरे शिकवावीत, अशातला हा प्रकार.

मात्र नाइटिंगेलबाईंचा मोठेपणा मला दिव्यापेक्षा इथे अधिक दिसला. आपल्याच नावाच्या शाळेतली खोट त्यांनी झाकली नाही. मुलींच्या वसतिगृहात त्यांचा अभ्यास घेणारी, त्यांची विचारपूस करणारी एक वेगळी ‘होम सिस्टर’ नेमली गेली. १८७३ पासून जॉन क्रॉफ्ट या शल्यवैद्यांनी पद्धतशीर व्याख्याने सुरू केली. मुलींनी रोग्यांची टिपणे लिहावीत, असा आग्रह धरला जाऊ लागला. आणि १८७२ पासून बाई स्वतः उमेदवार मुलींना उद्देशून पत्रे लिहू लागल्या. त्या पत्रांतून त्या पुन्हा पुन्हा हेच सांगत की परिचारिकेचे शिक्षण एका वर्षात संपत नाही, ते जन्मभर चालते.

त्यांच्याच शाळेतून शिकून गेलेल्या रिबेका स्ट्राँग यांनी पुढचे पाऊल टाकले. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत त्या मेट्रन होत्या. नवख्या मुलीला पहिल्याच दिवशी वॉर्डात ढकलायचे, हे त्यांना पटेना. १८९३ साली त्यांनी नियम केला की आधी काही काळ वर्गात शरीररचना, आरोग्यशास्त्र वगैरे शिकायचे, परीक्षा द्यायची आणि मगच रोग्याच्या खाटेजवळ जायचे. आज हे इतके साधे वाटते की यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. पण या क्रमाने रोग्याचे आणि मुलीचे, दोघांचेही रक्षण झाले.

याच काळात इंग्लंडात एक मोठा वादही झाला. मिसेस बेडफर्ड फेनविक यांनी १८८७ साली परिचारिकांची संघटना काढली आणि मागणी केली की डॉक्टरांप्रमाणे परिचारिकांचीही सरकारी नोंदणी व्हावी, परीक्षा व्हावी. नाइटिंगेलबाई विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे असे की चांगली परिचारिका कागदावरच्या परीक्षेत कळत नाही; ती रोग्याच्या खाटेजवळच कळते. शेवटी १९१९ साली नोंदणीचा कायदा झाला, आणि त्या नोंदवहीत पहिले नाव मिसेस फेनविक यांचेच लागले. आज मागे वळून पाहताना वाटते की दोघींचेही बरोबर होते. परीक्षा नसेल तर कोणीही पांढरा पोशाख घालून उभे राहील. आणि नुसती परीक्षाच असेल, तर उत्तीर्ण झालेल्या मुलीचा हात खाटेजवळ थरथरेल.

या थरथरीवर अमेरिकेत एक मजेदार उपाय निघाला. घरातल्या बालगोपाळांना तो वाचून दाखवावा. कनेटिकटमधल्या हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका-शाळेच्या प्रमुख लॉडर सदरलंड यांनी मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंकडे एक विलक्षण मागणी केली: मोठ्या माणसाएवढी, सांधे वळणारी बाहुली करून द्या. १९११ साली ती बाहुली शाळेत आली आणि ‘मिसेस चेस’ या नावाने प्रसिद्ध झाली. मुली तिला कुशीवर वळवीत, अंग पुसत, कपडे बदलीत, तिच्या अंगाखालची चादर काढीत. नंतरच्या बाहुल्यांत इंजेक्शन देता येईल अशीही सोय झाली. ही मोठ्या मुलींची भातुकलीच म्हणायची! आजच्या नर्सिंग महाविद्यालयांतल्या यंत्राच्या बाहुल्यांना छाती हलवून श्वास घेता येतो, नाडीही लागते. त्या सगळ्या या मिसेस चेसच्या नाती-पणती. बाहुलीजवळ चूक झाली तर कोणाला दुखत नाही. पण बाहुली कधी म्हणत नाही, “पोरी, मला आता सुई नाही.” त्यासाठी जिवंत माणूसच लागते, आणि त्याच्याजवळ उभी असलेली जाणती सिस्टर लागते.

आपल्याकडचे काय? नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. पण इथल्या आरोग्याविषयी त्या वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या, पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. त्याच पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले आणि त्याच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. या मुलींची उमेदवारी लंडनच्या मुलींपेक्षा दुपटीने अवघड होती. पोटीस बांधायला शिकण्याआधी त्यांना परक्या माणसाच्या अंगाला हात लावायला शिकायचे होते; सोवळे-ओवळे, जात-पात, आणि ‘चांगल्या घरची बाई असले काम करते का’ हा प्रश्न, हे सारे उंबऱ्याबाहेर ठेवायचे होते. त्यांत विधवा होत्या. सेवासदनच्या एका समारंभात केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घ्यायला उठली, तेव्हा प्रेक्षकांतल्या शिकलेल्या तरुणांनी तिची टर उडवली. त्या वेळी रमाबाईंनी उभे राहून त्यांना खडसावले, की तुमच्या प्रत्येकाच्या घरात अशी एखादी बहीण, आत्या, मावशी आहे, हे तरी आठवा. स्वतः रमाबाई लग्नानंतर, घरातल्या बायकांचे टोमणे खात, न्यायमूर्तींच्या पुढ्यात बसून अक्षरे शिकल्या होत्या. शिकणाऱ्याला हसले की काय होते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पुढे १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. त्या वेळी देशात सुमारे ४३,००० माणसांमागे एक परिचारिका होती. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचारिकेचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, आणि १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. वर्ग, परीक्षा, नोंदणी आणि शेवटी रुग्णालयातली उमेदवारी अशी आजची वाट या सगळ्यांतून तयार झाली आहे.

तरी त्या मुलीचा प्रश्न राहिलाच: हात थरथरायचा कधी थांबतो? त्याचे उत्तर मला पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-प्राध्यापिकेच्या १९८४ सालच्या पुस्तकात मिळाले. त्या म्हणतात, परिचारिका पाच पायऱ्यांनी चढते. पहिलीवर ती अगदी नवखी असते, सांगितलेला नियम धरून चालते. दुसरीवर काही प्रसंग ओळखीचे वाटू लागतात. नुकती शिकून बाहेर पडलेली मुलगी साधारण इथे असते. तिसरी जाणतेपणाची, आणि तिथे पोहोचायला एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे जातात. चौथी निष्णाताची. आणि पाचवीवर अशी परिचारिका, जी वॉर्डात पाऊल टाकताच सांगते, ‘त्या कोपऱ्यातल्या आजोबांचे काहीतरी बिनसले आहे, डॉक्टरांना बोलवा,’ आणि ते खरे निघते. म्हणजे माझ्या मुलीच्या हाताला कंप होता, यात तिचा कमीपणा नव्हता. ती दुसऱ्या पायरीवर होती, आणि रुग्णालयाने त्या रात्री तिला चौथ्या पायरीचे काम देऊन एकटे सोडले होते.

भाऊबीजेच्या दुपारी मी तिला एवढेच सांगितले. म्हटले, “हाताचे तू मनावर घेऊ नकोस, तो वळणावर येईल. पण जी गोष्ट तू कोणाला सांगितली नाहीस, ती सांग. आपल्या शाळेतली खोट नाइटिंगेलबाईंनी विचारून विचारून काढली, म्हणून ती दुरुस्त झाली. तू गप्प बसलीस, तर पुढच्या रात्री दुसरी एखादी मुलगी त्याच दोन खाटांमध्ये उभी असेल.”

“सिस्टर रागावतील, बाई. शेरा वाईट देतील.”

“देऊ देत. ‘ग’ उलटा आला म्हणून मी तुला काय केले होते?”

ती पहिल्यांदा हसली. “पुन्हा गिरवायला लावलात.”

संध्याकाळच्या एस.टी.ने ती गेली. पिशवीत चकल्या, आणि एक कोरी वही. रोज रात्री निदान एका रोग्याविषयी आज काय पाहिले ते लिही, एवढे मी बजावले होते.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी तिचा फोन आला. सिस्टरना तिने सगळे सांगितले होते. सिस्टर आधी खूप रागावल्या. मग बराच वेळ गप्प राहिल्या. मग उठून स्वतः वॉर्डात गेल्या. त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकीची खाट त्यांनी पार पलीकडच्या भिंतीशी हलवली, आणि दोघींच्या उशाशी संपूर्ण नाव-आडनाव लाल अक्षरांत लिहून लावले. सुई देण्याआधी रोग्याला त्याचे पूर्ण नाव त्याच्याच तोंडून म्हणायला लावायचे, हा पाठ त्यांनी शिकाऊ मुलींकडून पुन्हा पहिल्यापासून करून घेतला. आणि त्या आठवड्यात हिने दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या.

“आणि हात?” मी विचारले.

“थरथरतो अजून थोडा,” ती म्हणाली. “पण बाई, काल सिस्टर मध्येच दुसऱ्या खाटेकडे निघून गेल्या, ते मला नंतर कळलं.”